विहिरीवरून विधिमंडळात

अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळच्या रस्त्याला लागले की नांदगाव खंडेश्वर येते. खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ, तहसील कचेरी, पंचायत समिती, बाजार समिती, आणि या साऱ्यांच्या अधेमधे चहाच्या टपऱ्या. तालुका बहुतांशी कोरडवाहू. सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी या तिघींच्या भरवशावर कास्तकाराचे वर्ष निघते किंवा निघत नाही. अलीकडे समृद्धी महामार्गही या तालुक्याच्या अंगावरून गेला आहे. त्यावरून सुसाट जाणाऱ्या मोटारवाल्यांना डावीउजवीकडची गावे दिसत नाहीत, आणि दिसली तरी त्यांत पापळ नावाचे एक गाव आहे याचे त्यांना काही वाटायचे कारण नाही.

7 जुलै 2025 ला या पापळमधून एक पदयात्रा निघाली. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी. पुढे अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू. मुक्काम गाठायचा होता यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले चिलगव्हाण. साहेबराव करपे या शेतकऱ्याचे ते गाव. 19 मार्च 1986 ला करप्यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले, आणि महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येची उघड नोंद तिथून धरली जाऊ लागली. शेवट चिलगव्हाणला का, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सुरुवात पापळहून का, हे मात्र नव्या पिढीतल्या अनेकांना विचारावे लागले असेल.

पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. 27 डिसेंबर 1898. वऱ्हाडात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्याला आहे, त्यांनी काढलेल्या शिक्षणसंस्थेच्या शाळा-महाविद्यालये विदर्भभर आहेत, आणि देशाचे कृषिमंत्री म्हणून त्यांचा फोटो जवळपास प्रत्येक कचेरीत आहे. फोटोतले भाऊसाहेब सुटाबुटात, दिल्लीतले असतात. या लेखाला हवे आहेत ते त्याआधीचे: 28–30 वर्षांचे, विलायतेहून नुकतेच परतलेले, वकिलीपेक्षा वसतिगृहात जास्त रमणारे. आधी कार्यकर्ता आणि मग आमदार, ही वाट वऱ्हाडात ज्या थोड्यांनी पहिल्यांदा तुडवली त्यांत त्यांचे नाव वरचे आहे. आणि ती वाट कुठून कुठून जाते हे नीट पाहिले, तर आज ती कुठे अडली आहे तेही दिसते.

पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल, पुण्याचे फर्ग्युसन. त्या काळच्या कुणबी घरातल्या पोराने एवढे गाठले तरी गावाने हार घातले असते. पंजाबराव 1920 मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरोची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट, शिवाय बॅरिस्टरी. डॉक्टरेटचा विषय वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या समाजाच्या पोरांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही असे सांगितले जाई, त्यातला एक जण ऑक्सफर्डला बसून वेदांवर प्रबंध लिहितो, यात एक गंमत आहे; ती त्यांनाही कळत असणार.

1926 मध्ये ते परतले. अमरावतीत वकिली सुरू केली. त्या वेळी बॅरिस्टर म्हणजे पैसा, बंगला आणि रायसाहेबी. पंजाबरावांनी त्या जोडीला वेगळाच उद्योग आरंभला. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर 1926 मध्ये हत्या झाली होती. त्यांच्या नावाने श्रद्धानंद वसतिगृह निघाले. सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली, एका पंगतीला. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराची अडचण फीची असते असे शहरातल्या माणसाला वाटते. तिची सुरुवात मात्र ‘राहावं कुठं अन् जेवावं कुठं’ इथून होते, आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या पोरासाठी हा प्रश्न तिथेच संपतो. वसतिगृह हे संघटन नसून दानधर्म आहे असे कुणी म्हणेल. पण पन्नास गावांतली पोरे एका वसतिगृहात राहिली की पन्नास गावांत माणसे तयार होतात. मते मागायला जाणाऱ्याला हे भाषणाने मिळत नाही.

नोव्हेंबर 1927 चा महिना त्यांच्या आयुष्यात दाटीवाटीचा होता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली होती, आणि पंजाबराव तिच्या पुढाऱ्यांत होते. 13 नोव्हेंबरला शहरातल्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्याला आठ महिने होत होते; तिथला दुसरा सत्याग्रह, मनुस्मृतिदहन, अजून पुढे डिसेंबरात व्हायचे होते. मध्ये ही अमरावती. मंदिराच्या विश्वस्तांनी मुदत मागितली आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. याच नोव्हेंबरात पंजाबरावांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. आंतरजातीय. घरच्यांना, गावाला, जातीला काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. विमलाबाईंचे नाव या गोष्टीत तळटिपेसारखे यायला नको: वसतिगृहाचा संसार त्यांनी ओढला, पुढे कायद्याची पदवी घेतली, आणि 1967 ते 1972 त्या राज्यसभेत होत्या.

इथपर्यंत पंजाबराव कार्यकर्ते आहेत. भांडण मंदिराशी, विश्वस्तांशी, रूढीशी. अर्ज करायचा तो दुसऱ्याकडे, आणि मुदत देणार तोही दुसराच. अंबादेवीच्या दारात हे त्यांना चांगलेच उमगले असणार, असा अंदाज करायला जागा आहे. कारण पुढच्याच वर्षी ते जिल्हा कौन्सिलात शिरले.

1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत जिल्हा परिषद. अधिकार थोडे, तिजोरी त्याहून थोडी. शाळा, दवाखाने, रस्ते आणि विहिरी एवढाच कारभार. पण विहीर! गावातल्या सार्वजनिक विहिरीवर कुणाची बादली पडायची आणि कुणाची नाही, यावर त्या काळी सगळी समाजरचना उभी होती. मंदिर विश्वस्तांचे होते, विहीर कौन्सिलची. मंदिराच्या बाबतीत पंजाबराव विनंती करू शकत होते, विहिरीच्या बाबतीत हुकूम काढू शकत होते. त्यांनी तो काढला आणि जिल्हा कौन्सिलच्या विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा उद्योगही याच काळातला. हुकूम निघाला म्हणून लगेच सगळ्या गावांत सगळ्यांच्या बादल्या पडल्या असे मुळीच नाही. कागद आणि काठ यांत वऱ्हाडातही पुष्कळ अंतर होते. तरी अडवणाऱ्याच्या हातून कायद्याचा आधार गेला, आणि पाणी भरायला येणाऱ्याच्या हाती आला. आमदारकीच्या आधीच्या दोन वर्षांतले हे काम. माझ्या मते पुढच्या सगळ्या पदांपेक्षा भाऊसाहेब इथे जास्त समजतात.

मग 1930. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलची निवडणूक. गांधीजींच्या कायदेभंगामुळे काँग्रेस बहिष्कारावर. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले पंजाबराव निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि कृषी ही खाती त्यांच्याकडे आली. वय 32.

या निवडणुकीतली एक कायदेशीर गंमत सांगण्यासारखी आहे. वऱ्हाड कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. ते निजामाचे, आणि 1902 च्या करारानुसार वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने. त्यामुळे वऱ्हाडात लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला सरकारने पुन्हा ‘नेमायचे’, तेव्हा तो नागपूरच्या कौन्सिलात बसायचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मताचा हक्क जमीन महसूल, घरपट्टी, प्राप्तिकर असल्या मापांनी मोजला जाई. ज्यांच्यासाठी विहीर खुली केली त्यांतल्या फारच थोड्यांकडे पंजाबरावांना द्यायला मत होते. ज्यांच्यासाठी काम केले ते मतदार नाहीत आणि जे मतदार आहेत त्यांतल्या अनेकांना ते काम आवडलेले नाही, अशा हिशेबात ते निवडून आले. हे कसे जमले याचे उत्तर वसतिगृहात आणि शाळांत आहे. कुणबी, माळी, तेली घरांतली जी थोडी जमीनदार मंडळी मतदार होती, तिची पोरे तिथे शिकत होती.

मंत्रिपदाची तीन वर्षे. 1932 मध्ये देवस्थानांच्या संपत्तीवर सार्वजनिक उपयोगासाठी नियंत्रण आणणारे विधेयक त्यांनी मांडले, त्याला कडाडून विरोध झाला. अंबादेवीचे दार ते विसरले नव्हते. त्याच वर्षी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. आणि 1933 चा कर्जलवाद कायदा. सावकार आणि कूळ यांना मंडळासमोर बसवायचे, कर्जाचा हिशेब नव्याने मांडायचा, देण्याजोगा आकडा ठरवायचा, हप्ते पाडायचे. जागतिक मंदीने कापसाचा भाव बसला होता. 1920 च्या तेजीत घेतलेले कर्ज 1932 च्या भावाने फिटणे अशक्य होते. देशातल्या अशा प्रकारच्या पहिल्या कायद्यांत तो मोजला जातो. कर्ज पूर्ण माफ केलेले नाही, पण ते कागदावरून खाली आणले. ‘सातबारा कोरा’ म्हणत निघणाऱ्या माणसाने भाऊसाहेबांचे पापळ उगाच निवडले नव्हते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. घटना समितीत सदस्य. 1952, 1957, 1962 अशी तीनदा अमरावतीहून लोकसभा. 1952 ते 1962 केंद्रात कृषिखाते. 1955 मध्ये भारत कृषक समाज. 1959 च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन, ज्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. 10 एप्रिल 1965 ला दिल्लीत निधन. जाता जाता एक: ज्या भाऊसाहेबांनी तीनदा अमरावतीची खासदारकी केली, त्यांचे जन्मगाव आज अमरावती लोकसभेत मतदान करत नाही. नांदगाव खंडेश्वर तालुका धामणगाव रेल्वे विधानसभेत, आणि ती विधानसभा वर्धा लोकसभेत. पापळचा खासदार वर्ध्याचा असतो.

आता त्या पदयात्रेच्या पुढे चालणाऱ्या बच्चू कडूंचे गाव, बेलोरा. चांदूर बाजार तालुका. चांदूर दोन आहेत, बाहेरच्यांचा घोळ होतो: रेल्वेचे वेगळे, बाजाराचे वेगळे. ओमप्रकाश बाबाराव कडू यांचा जन्म 1970 चा. बच्चूभाऊ हे नाव पुढे एवढे रूढ झाले की मतपत्रिकेवरच्या नावाने त्यांना घरचेही हाक मारत नसावेत. सुरुवात शिवसेनेतून. पंजाबरावांची वाट वसतिगृहातून निघाली, यांची दवाखान्यातून. खेड्यातला पेशंट घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे, खाट मिळवायची, रक्त उभे करायचे. ज्याच्या घरात कुणी सीरियस झाले आहे त्याला विचारा: त्या रात्री सोबत आलेला माणूस तो आयुष्यभर विसरत नाही. मग अपंगांचे दाखले, निराधारांचे पगार, रेशनकार्ड. कचेरीतल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हेलपाटे घालणाऱ्या माणसाच्या वतीने टेबलावर हात आपटणारा कुणी तरी. त्यांच्या संघटनेचे ‘प्रहार’ हे नाव त्याला साजेसे.

वऱ्हाडी माणसाला ही आंदोलनांची नाटकी बाजू आवडते, हे मान्य करू. पाण्याच्या टाकीवर चढून केलेले ‘शोले स्टाईल’ आंदोलन हा प्रकार राज्यभर पोचवण्यात बच्चूभाऊंचा वाटा मोठा. त्यातून गुन्हे दाखल झाले, अधिकाऱ्यांशी खटके उडाले, आणि ‘हे काय लोकप्रतिनिधीचं वागणं झालं?’ असा सूर शहरातल्या मंडळींनी लावला. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. एका कारकुनाला दम दिल्याने एक दाखला निघतो. दाखले आपोआप निघावेत अशी व्यवस्था उभी राहत नाही.

पण टाकीवर चढणाऱ्याची एक पायरी सहसा कुणी सांगत नाही. आमदार होण्याआधी ते चांदूर बाजार पंचायत समितीचे सभापती होते. पंजाबरावांना जे जिल्हा कौन्सिलने शिकवले, तेच इथेही. कोणत्या योजनेचा पैसा कुठे मुरतो, ग्रामसेवक आणि अभियंता यांच्या सह्यांच्या मध्ये काय घडते, निधी खर्च न होता परत कसा जातो, हे बाहेरून ओरडणाऱ्याला कधीच पुरते कळत नाही. आतल्या खुर्चीवर बसून ते कळते. पुढे विधानसभेत अपंगांसाठी राखून ठेवलेला स्थानिक संस्थांचा निधी खर्च होत नाही हा प्रश्न त्यांनी पुन:पुन्हा लावून धरला, तो या खुर्चीवरून पाहिलेला होता.

विधानसभेची पहिली उडी फसली. 2004 मध्ये लोकसभेलाही अपक्ष उभे राहिले, शिवसेनेच्या अनंत गुढे यांनी हरवले. त्याच वर्षीच्या विधानसभेला अचलपुरातून अपक्ष म्हणून काँग्रेसच्या वसुधाताई देशमुख यांना हरवून ते आमदार झाले. मग 2009, 2014, 2019. लागोपाठ चारदा, एकाही मोठ्या पक्षाच्या चिन्हावाचून. लोकसभेतली हार वाया गेली नव्हती: तिने जिल्हाभर नाव नेले होते आणि अचलपुरात मोजणी करून दिली होती.

इथे जरा शिकागोला जाऊन येऊ. बराक ओबामा 1985 ते 1988 या काळात शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत समाजसंघटक म्हणून काम करत होते. पोलाद कारखाने बंद पडलेले, घरांची दुरवस्था, आणि नोकरीच्या कचेरीसाठी भांडणारी चर्चची मंडळी. 1996 मध्ये ते इलिनॉय राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. 2000 मध्ये वॉशिंग्टनच्या जागेसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले आणि सपाटून हरले. वस्तीत बैठका घेऊन जे माणूस जोडणे होते, त्यात आणि मतपेटीत केवढे अंतर आहे हे त्यांना तिथे कळले. अचलपूर आणि शिकागो यांत साम्य शोधायचा हट्ट नाही. एवढेच की जमलेली गर्दी आणि पडलेले मत यांची गल्लत करणारा कार्यकर्ता सगळीकडे एकदा हरतो.

2019 ला प्रहारचे दोन आमदार आले. दुसरे मेळघाटचे राजकुमार पटेल. बच्चू कडू उद्धव ठाकरे यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले. मंत्री असतानाही रस्ता सुटला नाही: डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाला पाठिंबा म्हणून गुरुकुंज मोझरीहून मोटारसायकलींचा ताफा घेऊन ते निघाले. त्याआधी 2017 च्या एप्रिलात नागपूरहून पंतप्रधानांच्या वडनगरपर्यंत आसूड यात्रा झालीच होती. मग जून 2022. शिवसेना फुटली, आणि ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले. नव्या सरकारात मंत्रिपद मिळाले नाही. डिसेंबर 2022 मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, ही त्यांची जुनी मागणी. तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. 2024 च्या लोकसभेला महायुतीत असूनही अमरावतीत भाजपच्या नवनीत राणांच्या विरोधात त्यांनी दिनेश बूब यांना उभे केले. बूब यांना 85 हजारांच्या घरात मते पडली, आणि राणा वीस हजारांच्या आत हरल्या. खासदार झाले काँग्रेसचे बळवंत वानखडे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अचलपुरात बच्चू कडू हरले. भाजपचे प्रवीण तायडे बारा हजारांहून थोड्या अधिक मतांनी आले. लढत तिरंगी होती, लाट होती, लाडकी बहीण योजना होती, ‘बटेंगे तो कटेंगे’ची घोषणा होती. कारणे हवी तेवढी सांगता येतात. एक मात्र सांगायला हवे. ज्या माणसाची ओळख ‘कुणाचाच नाही, म्हणून आपला’ अशी असते, तो एकदा कुणाचा तरी दिसला की हिशेब बदलतो. गुवाहाटीच्या हॉटेलात नेमके काय ठरले ते मतदाराला महत्त्वाचे नव्हते. आपला भाऊ तिथे काय करत होता, हा प्रश्न त्याला पडला.

हरल्यावर सहा-सात महिन्यांत ते पुन्हा मोझरीला, अन्नत्याग आंदोलनात. 8 जून 2025 पासून आठवडाभर. आणि महिन्याभरात पापळ. आमदारकी गेल्यावर माणूस रस्त्यावर आला असे कुणी कुत्सितपणे म्हणेल. पण आमदारकी असतानाही तो तिथेच होता, हे विसरता येणार नाही.

वऱ्हाडात हे दोघेच नाहीत. पुसदचे वसंतराव नाईक 1946 मध्ये नगराध्यक्ष होते, 1952 मध्ये आमदार झाले, आणि ज्या समितीच्या शिफारशींवर 1 मे 1962 ला महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या तिचे अध्यक्षपद त्यांचेच. दारापूरचे रा. सू. गवई रिपब्लिकन चळवळीतून आले आणि 1964 पासून तीस वर्षे विधान परिषदेत राहिले, तिचे सभापती झाले. त्यांचे पुत्र भूषण गवई मे 2025 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. मोर्शीचे देवेंद्र भुयार संत्रा-कापसाच्या आंदोलनातून 2019 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांना, अनिल बोंडे यांना, हरवून आमदार झाले. 2024 मध्ये जागा टिकली नाही. आणि वर उल्लेख आलेले बळवंत वानखडे: लेहगावचे सरपंच, मग जिल्हा परिषदेत समाजकल्याण सभापती, 2019 ला दर्यापूरचे आमदार, 2024 ला खासदार. त्यांच्या भाषणांवर कुणी लेख लिहीत नाही, पण एकेक इयत्ता पास होत वर गेलेला हा विद्यार्थी आहे.

नांदगाव खंडेश्वर स्वत: मात्र या बाबतीत कोरडेच. धामणगाव रेल्वेची जागा 2009 आणि 2014 ला काँग्रेसचे वीरेंद्र जगताप, 2019 आणि 2024 ला भाजपचे प्रताप अडसड. 2014 ला जगतापांनी प्रतापरावांच्या वडिलांना, अरुण अडसडांना, हजारापेक्षाही कमी मतांनी हरवले होते. दोन घरांतली चुरस. त्यात वाईट काही नाही. अरुणभाऊ स्वत:ही संघटनेतूनच वर आलेले. पण तिसऱ्याला शिरायला फट नाही. मतदार सुमारे तीन लाख, तीन तालुके, शेकडो गावे. निवडणूक आयोगाने ठरवलेली खर्चाची मर्यादाच 40 लाख रुपये, आणि मर्यादेत किती जण राहतात हे चहाच्या टपरीवर विचारून पाहावे. पापळच्या एखाद्या तरुणाने आज वसतिगृह काढले, पेशंट मुंबईला नेले, पीकविम्यासाठी तहसीलवर मोर्चा नेला, तर त्याने थेट तीन लाख मतदारांपुढे जायचे? पंजाबरावही तसे गेले नव्हते. बच्चू कडूही नाही.

मधली खोली हवी. जिल्हा परिषदेच्या एका सर्कलची निवडणूक, जिथे उमेदवाराला लोक बापाच्या नावाने ओळखतात आणि मोटारसायकलवर प्रचार होतो. जिथे निवडून आल्यावर अर्ज करणारा माणूस अर्ज घेणारा होतो, आणि मागणे सोपे, देणे अवघड हे त्याला कळते. काही जण तिथेच बिघडतात. ठेकेदारीची चटक जिल्हा परिषदेतच लागते, हेही खरे. पण बिघडणारा तिथे लवकर ओळखू येतो, आणि त्याला पाडायला फार पैसा लागत नाही.

ती खोली बंद पडली. वाशीमच्या एका याचिकेवर मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: आरक्षण एकूण 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि ओबीसींच्या जागांसाठी आकडेवारी हवी. त्या वादात वाशीम, अकोला, नागपूरसह अनेक जिल्हा परिषदांच्या जागा रिकाम्या झाल्या. मग आयोग, प्रभागरचना, पुन्हा याचिका. अमरावती जिल्हा परिषदेची 2017 ला निवडून आलेली मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक बसले. पंचायत समित्यांचेही तेच. घटनेने पाच वर्षांत निवडणूक घ्यायला सांगितले आहे. इथे सप्टेंबर 2025 पर्यंतच मुदत संपून साडेतीन वर्षे निघून गेली होती. प्रशासक कार्यक्षम असू शकतात, काही आहेतही. पण प्रशासकाच्या दारातून उद्याचा आमदार तयार होत नाही. त्याच्या दारात फक्त निवेदन देता येते, फोटो काढता येतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येतो. आंदोलनांचे निव्वळ चित्रीकरण झाले आहे अशी तक्रार आपण करतो, तेव्हा आंदोलन करणाऱ्याला दुसरी जागा किती उरली आहे तेही पाहावे. 2022 ला जो कार्यकर्ता 25 वर्षांचा होता तो 2025 मध्ये 28 चा झाला. पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा तिशीच्या आतच होते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी 31 जानेवारी 2026 ही मुदत घालून दिली होती. तेव्हा सर्कलांच्या आरक्षणाकडे डोळे लावून बसलेली मंडळी नांदगावातही होती, पापळलाही असतील. 

पापळहून निघालेली ती पदयात्रा 14 जुलै 2025 ला चिलगव्हाणला पोचली होती. पापळपासून 138 किलोमीटर. अमरावतीत, जिल्हा परिषद अध्यक्षांच्या दालनात, त्या दिवशीही कुणी लोकांनी निवडलेले माणूस बसलेले नव्हते.